मनोरा डावीकडे

आमच्या बाबांनी आयुष्यात चौदा शहरं काढली आणि त्यातलं एकही पाहिलं नाही. हे मी कौतुकानं सांगत नाहीये, तक्रार म्हणूनही नाही. आहे ते सांगते. गोड बोलायची मला सवय नाही, आणि समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी ती लागत नाही, असं फ्रेमवाले काका म्हणतात. समोरच्या गाळ्यात त्यांचं चौकटींचं दुकान आहे. आम्ही शहरं छापायची आणि त्यांनी ती काचेत बसवायची, असं मला आठवतंय तेव्हापासून चाललंय.

आमचं काम असं. तांब्याचा पत्रा घासून लख्ख करायचा, त्यावर मेणाचा पातळ थर द्यायचा आणि त्या मेणात सुईनं चित्र काढायचं. मग पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. जिथे सुई फिरली तिथलं तांबं ॲसिड खातं आणि रेघ कोरली जाते. त्या रेघांत शाई भरायची, वरची पुसून काढायची, पत्र्यावर ओला कागद ठेवायचा आणि प्रेसच्या रुळाखालून तो काढायचा. सुई बाबांची. शाई, पुसणं आणि प्रेसचं चाक माझं. पुसताना शेवटचा हात तळव्याचा फिरवायचा असतो, म्हणून माझ्या तळव्याच्या रेषा कायम काळ्या. लहानपणी शाळेतल्या बाई रोज हात धुऊन यायला लावायच्या. मग त्यांनीच हात टेकले.

यातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, एक मात्र लक्षात ठेवा. पत्र्यावर जे उजवीकडे असतं ते कागदावर डावीकडे येतं. म्हणून शहर सुलट छापून यायला हवं असेल तर पत्र्यावर ते उलट काढावं लागतं. बाबांची त्यासाठी साधी युक्ती होती. फोटो टेबलावर उभा करायचा, समोर आईचा हातआरसा टेकवायचा, आणि फोटोकडे न बघता आरशात बघून काढायचं. फोटो कुठून तरी मासिकातून कापलेले असायचे, नाहीतर कुणी पाठवलेल्या पोस्टकार्डावरचे. शहरांना आमच्या घरात नावं नव्हती. घुमटाचं शहर, कालव्यांचं शहर, पायऱ्यांचं शहर, पुलाचं शहर, एवढ्यावर भागायचं.

ही शहरं कुठे कुठे जाऊन लटकलीत याची मोजदाद नाही. दातांच्या डॉक्टरांकडे, बँकेत साहेबाच्या खुर्चीमागे, शाळेत भूगोलाच्या वर्गात. ज्यांना ती कधीच बघायला मिळणार नव्हती त्यांना ती बाबांच्या रेघांतून ओळखीची झाली. आणि जे खरंच जाऊन आले त्यांची तर आणखी गंमत. एक नवं जोडपं कालव्यांच्या शहरातून परत आलं ते तडक आमच्याशी भांडायलाच. कालव्याच्या वळणावरचं ते मोठं झाड कुठे आहे म्हणे? ते झाड बाबांनी कोपरा रिकामा दिसतो म्हणून घातलं होतं. ही दोघं दोन दिवस झाड शोधत फिरली. बायको म्हणाली, झाडाशिवाय ते गाव तिला खोटंच वाटत राहिलं. जाताना नवऱ्यानं तेच चित्र आणखी एक घेतलं. त्यांनी स्वतः काढलेले फोटो त्याला त्या शहराचे वाटत नव्हते. मी हसू दाबत चित्र गुंडाळून दिलं. बाबा आतून म्हणाले, झाडाचे वेगळे पैसे घेऊ नकोस हो.

पुलाचं शहर मात्र आमच्या घरातलं होतं. ते काढलं तेव्हा मी अकरा वर्षांची आणि ताई सतराची. आई दवाखान्यात होती, आणि ती घरी परत येणार नाही हे मला सोडून सगळ्यांना माहीत होतं. बाबा दिवसभर तिच्या खाटेशेजारी बसून असायचे, मांडीवर पाट, पाटावर पत्रा. ऑर्डर घेतलेली होती, काम थांबवून चालणार नव्हतं. आईचे केस बरेच गेले होते, पण भेटायची वेळ झाली की ती उरलेले नीट विंचरून बसायची. त्यासाठी तिनं आपला हातआरसा घरून मागवून घेतला होता आणि तो उशाखाली ठेवायची.

पहिला छाप निघाला तो नीट वाळायच्या आत ताई दवाखान्यात घेऊन गेली आणि खाटेसमोरच्या भिंतीवर चिकटवला. रुंद नदी, मध्ये दगडी पूल, पलीकडच्या काठावर पुलाच्या डावीकडे घड्याळाचा उंच मनोरा आणि मागे टेकडी. अलीकडे पाण्यात बांधलेल्या तीन होड्या. मनोऱ्यावरच्या घड्याळात तीनला दहा कमी. आई म्हणाली, चहा टाकायची वेळ झाली बघ तिथे. मग म्हणाली, हे कुणाच्या तरी खिडकीतून दिसतंय, ती खोली आपण भाड्यानं घेऊ. झालं. पुढचे तीन आठवडे आई आणि ताई त्या खोलीत राहिल्या. पडदे कुठल्या रंगाचे, कोणाची खाट खिडकीशी, सकाळी उठून आधी कोणी होड्या मोजायच्या, सगळं ठरलं. मला त्या खोलीत घेतलं नव्हतं. मी लहान, खिडकीतून वाकेन आणि पडेन, असं ताईचं म्हणणं. मला त्याचा इतका राग आला होता की आई गेली त्या दिवशीसुद्धा मी ताईशी बोलत नव्हते. हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.

आईच्या मागे तो छाप ताईनं स्वतःजवळ ठेवला. आपण एक ना एक दिवस त्या खोलीत जाऊन राहणार, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं.

अठराव्या वर्षी मी प्रेसचं चाक हातात घेतलं तेव्हा पत्र्यांचा खण साफ करायला काढला. पुलाच्या शहराचा पत्रा मऊ कापडात गुंडाळलेला होता आणि कापडाच्या घडीत तो फोटो होता, ज्यावरून चित्र काढलं तो. मी सहज फोटो पत्र्याशेजारी ठेवला आणि आळीपाळीनं दोन्हींकडे बघत राहिले. दोन्ही तंतोतंत सारखे. फोटोत मनोरा पुलाच्या उजवीकडे, पत्र्यावरही उजवीकडे. म्हणजे कागदावर तो डावीकडे. फोटोतल्या घड्याळात नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती, आणि आईच्या चहाची वेळ तीनला दहा कमी. सात वर्षं आम्ही एक अख्खं शहर उलटं विकत होतो, आणि एकाही माणसाच्या लक्षात आलं नव्हतं.

मी तरातरा बाबांकडे गेले आणि दोन्ही त्यांच्यापुढे आदळले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. एवढंच म्हणाले, "आरसा हिच्याकडे होता गं."

उशाखालून आरसा मागायचा म्हणजे आईला केस विंचरू नकोस म्हणण्यासारखं होतं, हे मलाही कळत होतं. पहिला छाप निघाला तेव्हाच त्यांना चूक दिसली होती, हे मग त्यांनीच सांगितलं. पण तोवर ताई तो घेऊन पळाली होती, आणि संध्याकाळी ते दवाखान्यात पोचले तेव्हा मायलेकी पडद्यांचा रंग ठरवत बसल्या होत्या. ताईला कधी सांगू नकोस, असं त्यांनी मला बजावलं. मी शब्द दिला. माझ्या नाकावर राग असतो, पण दिलेला शब्द मी मोडत नाही. आज वाटतं, हा एक तरी मोडायला हवा होता.

पुढे एकदा एक बाई दुकानात आल्या. त्या शहरात चार वर्षं राहून परतलेल्या. भिंतीवरचं चित्र बघून त्यांचे डोळे भरून आले. म्हणाल्या, अगदी हेच, जसंच्या तसं. मी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिले. चार वर्षं रोज बघितलेला मनोरा उजवीकडचा डावीकडे गेला तरी त्यांना ते जसंच्या तसं. मग माझं मलाच वाटलं, चुकलं ते काय चुकलं.

ताई एकतिसाव्या वर्षी घर सोडून गेली. पुलाच्या शहरात एका हॉटेलात नोकरी मिळतेय, एक एजंट सगळं जमवून देतोय, असं तिनं जेवताना सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला आणि म्हणाले, काय ठेवलंय तिथे, आपल्या चित्रात सगळं आहे. ताईच्या तोंडून त्यानंतर जे निघालं ते तिनं बरीच वर्षं साठवलेलं असणार. तुम्ही घरात बसून शहरं काढलीत आणि आम्हाला घरात बसवून ठेवलंत, म्हणाली. आईचा विषय निघाला. मी दोघांवरही ओरडले, त्याचा उपयोग काहीच झाला नाही. चौथ्या दिवशी ताई निघाली. ते शहर तीन दिवसांच्या अंतरावर, आधी गाडी, मग बोट, मग परत गाडी. बॅगेत तळाशी तो दवाखान्यातला छाप होता. मी घडी घालताना बघितला.

तीन आठवडे काही कळलं नाही. मग एका रविवारी सकाळी दहा वाजता कारखान्यातला फोन वाजला. कारखाना म्हणजे आमची खालची खोलीच, पण बाबा तिला कारखाना म्हणायचे. फोन बाबांनी उचलला. ताईचा आवाज ऐकून त्यांना इतका आनंद झाला, की कशी आहेस, पोचलीस का, असलं काही न विचारता त्यांनी एकदम विचारलं, "खिडकीतून काय दिसतं?"

थोडा वेळ पलीकडून काही आलं नसावं, कारण बाबा नुसतेच फोन धरून उभे होते. मग ते ऐकायला लागले, आणि जे ऐकत होते ते मला कळावं म्हणून मोठ्यानं परत म्हणत गेले. पूल दिसतो. हं. होड्या आहेत, तीन. हं हं. मागे टेकडी. मनोरा डावीकडे.

माझा हात पत्र्यावर होता तो तसाच थांबला. त्या शहरात अलीकडच्या काठावर कुठल्याही खिडकीत जाऊन बसा, मनोरा पुलाच्या उजवीकडेच दिसणार. ताई त्या शहरात नव्हती. ती कुठेतरी बसून आईचा छाप समोर धरून आम्हाला वाचून दाखवत होती.

बाबा एक-दोन श्वास थांबले. मग म्हणाले, "हो, डावीकडेच. आणि घड्याळ? घड्याळ चालतं का गं?"

फोन ठेवल्यावर मी काही बोलायच्या आत त्यांनी हात वर केला. मी तरी बोललेच. खोटं बोलतेय ती, कुठे आहे, काय खातेय, कुणाच्या हाती सापडली नाही ना, पुढच्या रविवारी मी स्पष्ट विचारणार. बाबा म्हणाले, विचारलंस तर ती परत फोनच करणार नाही. इथून भांडून गेलेली पोरगी आहे, पोचलेच नाही हे तिला कोणत्या तोंडानं सांगता येईल? येईल तेव्हा आपणहून येईल.

"ती त्या चित्रात राहतेय ना," म्हणाले, "चित्र माझं आहे. म्हणजे ती माझ्याकडेच आहे."

मला ते पटलं नाही. आजही पटत नाही. पण मी मूग गिळून बसले, एकदा नाही, नऊ वर्षं. दर रविवारी दहाला फोन वाजायचा. बाबा आधीच छाप मांडीवर घेऊन बसलेले असायचे आणि ताई बोलेल तिथे बोट फिरवायचे. आज नदीला पाणी चढलंय, एक होडी रंगवायला काढलीय, टेकडीवर नवं घर बांधतायत. पुढे पुढे बाबांना दिसेनासं झालं, पत्र्यावर सुई धरणं बंद झालं, तरी छाप मांडीवर हवाच. चित्रात नसलेलं काही ती सांगायची तेव्हा ते विचारायचे, ते नक्की कुठे आलं, पुलाच्या अलीकडे का? आणि ती सांगेल तिथे बोट टेकवून ठेवायचे. दोघं मिळून त्यांनी त्या शहरात किती काय काय बांधलं. भेटायला ये म्हटलं की ती म्हणायची, तीन दिवस जायचे, तीन यायचे, एवढी रजा नाही मिळत. फोन नंबर मागितला तर तो घरमालकिणीचा, तिला आवडत नाही. बाबा म्हणायचे, असू दे.

असू दे कसं? मला ताई हवी होती. भांडायला हवी होती, प्रेसचं चाक जड झालं की दुसऱ्या बाजूनं धरायला हवी होती. रविवारी बाबा मला फोन द्यायचे तेव्हा मी हवापाणी विचारायची. माझ्यासारखी बाई हवापाणी विचारते म्हणजे काहीतरी लपवतेय, हे तिच्या लक्षात यायला हवं होतं. आलं नाही.

या वर्षी बाबांची छाती भरली. डॉक्टर गुरुवारी येऊन गेले आणि जिन्याखाली मला हळूच म्हणाले, कुणाला बोलवायचं असेल तर बोलवून घ्या. बोलवायचं कुणाला ते माहीत होतं, कुठून ते माहीत नव्हतं. रविवारची वाट बघण्यावाचून इलाज नव्हता. बाबांची खाट आम्ही खाली कारखान्यातच आणली, प्रेसच्या बाजूला. फ्रेमवाल्या काकांनी एक बाजू धरली.

रविवारी दहाला फोन वाजला. मी उचलला. बाबा फार आजारी आहेत, म्हटलं, तू ये. ताई म्हणाली, बारीक आवाजात, "निघते. पण इथून तीन दिवस लागतात गं."

माझ्या जिभेवर आलं होतं. एकच वाक्य. ताई, तू तिथे नाहीस हे आम्हाला पहिल्या रविवारपासून माहीत आहे, जिथे असशील तिथून सरळ ये. बाबा उशीवरून माझ्याकडे तोंड करून होते. दिसत तर काही नव्हतं त्यांना, पण माझं गप्प होणं त्यांनी ऐकलं, आणि पांघरुणावरचं बोट उचलून हलवलं. नाही.

खरं ते सगळंच सांगते. बोट तर होतंच, पण मनात माझाही एक किडा होता. मला वाटलं, आता तरी ती स्वतःच्या तोंडानं म्हणेल. म्हणेल, मी इथेच आहे, संध्याकाळपर्यंत पोचते. मी वाट बघितली. ती म्हणाली नाही. मीही म्हणाले, बरं, तीन दिवस तर तीन दिवस.

मग फोन बाबांच्या कानाला लावला. त्यांना बोलायला धाप लागत होती. मनोरा दिसतोय का, एवढं विचारलं आणि ऐकून समाधानानं मान हलवली.

सोमवारी ते झोपूनच होते. मंगळवारी दुपारी शुद्धीवर आले, छाप मांडीवर मागितला, आज वार कोणता विचारलं. मी म्हटलं मंगळवार. उद्या म्हणजे, असं म्हणाले. चारच्या सुमाराला गेले. मी शेजारीच होते, हातात शाईचं फडकं होतं, कारण नुसतं बसून राहणं मला जमत नाही. थांबता येण्यासारखं नव्हतं, बुधवारी सकाळीच सगळं आटोपलं.

ताई बुधवारी दुपारी आली. बरोबर तीन दिवसांनी. तीच बॅग, कड्या तुटलेली, दोरीनं बांधलेली. केस जवळजवळ पांढरे. हात बघून मी दचकले, लाल, फुगलेले, बोटांची कातडी सोललेली. दारातून तिनं रिकामी खाट बघितली आणि उंबऱ्यातच खाली बसली. मी तिला उचललं नाही. तिच्याजवळ जाऊन बसले. रागावेन असं मला वाटलं होतं, पण राग आलाच नाही. रडूच आलं, दोघींनाही, आणि फ्रेमवाले काका समोरून बघून परत आत गेले.

गुरुवारी सकाळी मी कागद भिजत घालत होते तेव्हा ती माझ्यामागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी तिथे कधी गेलेच नाही."

मी वळले नाही. वळले असते तर माझा चेहरा तिला दिसला असता. ती माझ्या पाठीशीच बोलत राहिली. एजंट बंदरावर भेटलाच नाही. पैसे गेले. परत यायची लाज वाटली, म्हणून येताना वाटेतल्या एका गावात उतरली, भाड्यापुरतं कमवू म्हणून दवाखान्याच्या धुलाईत कामाला लागली, चादरी आणि अभ्रे, आणि तिथेच राहिली. गाव इथून बसनं चार तासांवर. खोलीला खिडकी आहे, ती समोरच्या गोदामाच्या भिंतीवर उघडते. पहिल्या रविवारी फोन केला तो सगळं खरं सांगायलाच. मला घेऊन जा, असं म्हणणार होती. पण तिनं तोंड उघडायच्या आत बाबांनी विचारलं, खिडकीतून काय दिसतं.

"इतके खूश होते गं," ती म्हणाली. "मग मी छाप काढून समोर धरला."

चार तास. मी मनात एवढंच म्हणत होते, चार तास. ती म्हणाली, रविवारीच बॅग भरली होती. स्टँडवर जायला निघाली तेव्हा आठवलं, तीन दिवस सांगून बसलेय. सोमवारी कामावर न जाता बॅगेवर बसून राहिली. मंगळवारी सकाळी राहवेना म्हणून स्टँडवर गेली, बस लागली होती, पायरीवर पाय ठेवला आणि परत फिरली, कारण एक दिवस आधी पोचली तर बाबांना कळेल, आणि जाता जाता त्यांच्या हातून ते शहर जाईल. ती बस इथे दोनला पोचते. बाबा चारला गेले.

मग तिनं विचारलं. मला माहीत होतं की ती विचारणार. "त्यांना खरं वाटायचं ना गं सगळं? शेवटपर्यंत?"

मी नेहमी आधी बोलते आणि मग विचार करते. त्या सकाळी मी उलट केलं. हो म्हटलं, तर आपण बापाला नऊ वर्षं फसवलं हे तिच्या माथी कायमचं. नाही म्हटलं, त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि मलाही कळलं होतं असं म्हटलं, तर ते तीन दिवस तिच्या माथी. ज्या शहरासाठी ती बसच्या पायरीवरून परत फिरली ते कधी कुणाला खरं वाटलंच नव्हतं, हे ऐकून ती कशी जगली असती? आणि माझ्याकडे कशी बघितली असती?

"हो," मी म्हटलं. "अगदी खरं वाटायचं."

तिनं मोठा श्वास सोडला आणि माझ्या पाठीवर कपाळ टेकलं. बरं झालं, म्हणाली. एवढं तरी बरं झालं.

थोड्या वेळानं तिनं एक छाप मागितला. तिच्याकडचा धुलाईच्या वाफेनं चिकटून फाटला होता. ती पत्र्यांच्या खणाकडे वळली, तशी मी जवळजवळ धावतच पुढे झाले. तुला सापडणार नाही, मी काढते, म्हटलं. पत्रा कापडातून सोडवला आणि फोटो ॲप्रनच्या खिशात सरकवला. शाई भरली, पुसली, तळवा फिरवला. चाक दोघींनी मिळून ओढलं, ती त्या बाजूनं, मी या बाजूनं. किती वर्षांनी ते चाक हलकं लागलं.

कागद तिनंच उचलला, दोन कोपरे धरून, आईकडे नेताना धरला होता तसाच. नदी, होड्या, टेकडी. मनोरा डावीकडे. बराच वेळ बघत राहिली. मग तिचा चेहरा जरा उजळला, आल्यापासून पहिल्यांदा.

"आपण दोघी जाऊ या का गं एकदा?" ती म्हणाली. "खरंखुरं. ती खोली शोधू. तुला तेव्हा आम्ही घेतलं नव्हतं."

त्या खोलीत मला कुणीतरी बोलवावं म्हणून मी अकराव्या वर्षापासून थांबले होते. आणि मला दिसलं, आम्ही त्या खिडकीत उभ्या आहोत, ती पुलाच्या डावीकडे बघतेय आणि तिथे काही नाहीये. मग ती उजवीकडे बघते. मग हळूहळू माझ्याकडे. बाबांनी तेव्हा घास खाली ठेवून तसं का म्हटलं होतं, ते मला आत्ता कळलं. आईची चित्रातली खोली ते राखत होते.

"काय ठेवलंय तिथे," मी म्हटलं. "आपल्या चित्रात सगळं आहे."

ताईनं कागद खाली केला आणि माझ्याकडे बघितलं, त्या दिवशी जेवताना बाबांकडे बघितलं होतं तसं.

"अगदी त्यांच्यासारखं बोललीस," ती म्हणाली, आणि छाप वाळत घालायला निघून गेली. मी ॲप्रनच्या खिशावर हात ठेवून तिथेच उभी राहिले.